सैन्यातून घरी आल्यावर : माजी सैनिक नोंदणी आणि संघटनेचे सभासदत्व

सेवानिवृत्त होऊन गावी परतलेल्या सैनिकाच्या घरी पहिला महिना हारतुऱ्यांचा असतो. वेशीपासून मिरवणूक निघते, ग्रामपंचायतीत सत्कार होतो, पाहुणेरावळे येऊन जातात आणि नंबर, हुद्दा, नाव रंगवलेली पत्र्याची काळी पेटी माळ्यावर चढते. त्या पेटीत डिस्चार्ज बुक असते, पेन्शनचा आदेश असतो, बायकोमुलांच्या नोंदींचे कागद असतात, आणि ‘कागद सुरक्षित आहेत’ एवढ्या समाधानावर पुढची कित्येक वर्षे निघून जातात.

मी २८ वर्षांच्या सेवेनंतर सुभेदार म्हणून निवृत्त झालो. शाखा क्लार्कची होती, त्यामुळे शेकडो जवानांचे कागद माझ्या हातून गेले होते. तरीही पेन्शन बँकेत जमा होऊ लागली म्हणजे सारे झाले, असे धरून मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला दीड वर्ष लावले. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तेव्हा पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलो. तिथे जिल्हा कार्यालयाची पडताळणी लागते आणि माझी तर तिथे नोंदच नव्हती. नोंदणी होईपर्यंत मुदत संपली. ही शिष्यवृत्ती अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षीच मागावी लागते, दुसऱ्या वर्षी नव्याने मागता येत नाही. मुलींना महिन्याला ३,००० रुपये मिळतात. चार वर्षांचा हिशेब आपणच करावा. त्यानंतर मी तालुक्याच्या संघटनेत काम करू लागलो आणि आज तिचा सचिव आहे. नव्याने निवृत्त होणाऱ्या भावांनी, आणि विशेषतः ज्यांचे पती आता नाहीत अशा भगिनींनी, कोणत्या क्रमाने काय करावे हे पुढे लिहिले आहे.

आधी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि माजी सैनिक संघटना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले शासनाचे कार्यालय आहे. ते पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत चालते आणि त्याच्या वर दिल्लीत केंद्रीय सैनिक मंडळ आहे. दुसरी आपणच उभी केलेली, नोंदणीकृत, सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था आहे. कार्यालय आपल्याला ओळखपत्र, प्रमाणपत्र आणि आर्थिक मदत देऊ शकते. संघटना यांतले काहीही देऊ शकत नाही. पण ते मिळेपर्यंत आपल्या सोबत ती चालते, आणि आपल्या एकट्याचे म्हणणे जिथे पोहोचत नाही तिथे सर्वांचे मिळून पोहोचवते. कार्यालयात जायचे सोडून लोक संघटनेकडे ओळखपत्र मागायला येतात, तर काही जण कार्यालयात नोंदणी केली म्हणजे संघटनेचेही सभासद झालो असे समजतात. दोन्ही समज चुकीचे आहेत.

१. आपण नियमाने ‘माजी सैनिक’ ठरतो का, हे तपासावे

गणवेश घातला म्हणजे माजी सैनिक झालो, असे नियम मानत नाही. पुनर्नोकरीतील आरक्षणासाठी केंद्र सरकारने जी व्याख्या केली आहे, तिच्या आधारावर बहुतेक सवलती चालतात. भूदल, नौदल किंवा वायुदलात कोणत्याही हुद्द्यावर नोकरी करून जो निवृत्तिवेतनासह बाहेर पडला, तो निःसंशय माजी सैनिक आहे. जवानांसाठी पेन्शनपात्र सेवा १५ वर्षांची आणि अधिकाऱ्यांसाठी २० वर्षांची आहे. सैनिकी सेवेमुळे उद्भवलेल्या वैद्यकीय कारणावरून ज्याला घरी पाठवले आणि अपंगत्वाची पेन्शन दिली, तोही माजी सैनिक आहे. आस्थापना कमी केल्यामुळे ज्याची मुक्तता झाली तो, तसेच ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन जो बाहेर पडला तोही यात येतो.

पेन्शनपात्र सेवा होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून नोकरी सोडलेले आणि बडतर्फ झालेले मात्र यात बसत नाहीत. गावोगावी या एका मुद्द्यावरून कटुता निर्माण होते. सहा-सात वर्षे सीमेवर काढून घरच्या अडचणीमुळे परतलेल्या माणसाला ‘तू माजी सैनिक नाहीस’ असे तोंडावर सांगणे बरे नव्हे. पण त्याला खोटी आशा दाखवणे त्याहून वाईट. डिस्चार्ज बुकात मुक्ततेचे कारण आणि नियम लिहिलेला असतो. तो वाचून घ्यावा आणि शंका असेल तर कार्यालयात जाण्यापूर्वी आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या सैन्याच्या कार्यालयाकडून, लेखी खुलासा मागवावा.

प्रादेशिक सेनेतील, म्हणजे टेरिटोरियल आर्मीतील, सर्वच जण यात येत नाहीत. सलग सेवेबद्दल पेन्शन मिळालेले, सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदक मिळालेले पात्र ठरतात. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांतून निवृत्त झालेले बांधव या व्याख्येत येत नाहीत. त्यांच्यासाठी गृह मंत्रालयाने २०१२ साली वेगळी ओळख मान्य केली असून त्यांच्या कल्याणाची व्यवस्थाही निराळी आहे. अग्निवीरांच्या बाबतीत, २०२२ साली योजना जाहीर झाली तेव्हाच्या अटींमध्ये चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्यांना माजी सैनिकाचा दर्जा, पेन्शन, कॅन्टीन आणि माजी सैनिक आरोग्य योजना लागू नसल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. पहिल्या तुकड्यांतील मुले आणि त्यांचे पालक आमच्याकडे चौकशीला येतात, म्हणून हे मुद्दाम नमूद केले आहे. त्यांनी बाहेर पडताना लागू असलेला आदेश स्वतः वाचावा.

२. कागद एका फायलीत आणावेत

माळ्यावरची पेटी खाली काढावी आणि पुढील कागद वेगळे करावेत :

- डिस्चार्ज बुक किंवा सेवामुक्ती प्रमाणपत्र, मूळ आणि सर्व पानांच्या छायाप्रती
- पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांचे आदेश
- पत्नीचे व मुलांचे नाव आणि जन्मतारीख ज्यात प्रसिद्ध झाली ते पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्यातील कौटुंबिक नोंदीचे आदेश
- आधार कार्ड व पॅन कार्ड, पतीचे आणि पत्नीचेही
- पेन्शन ज्या खात्यात येते त्या बँक पासबुकाचे पहिले पान
- रहिवासी दाखला किंवा वास्तव्याचा अन्य पुरावा
- पतिपत्नीचे एकत्रित आणि स्वतंत्र छायाचित्र
- मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले
- पती हयात नसल्यास मृत्यूचा दाखला आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश

यादी सोपी आहे. खरी अडचण एकाच गोष्टीत असते आणि तिच्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या संघटनेकडे येणाऱ्या दर दहा प्रकरणांपैकी निम्मी तरी याच जातीची असतात.

आपल्याकडे पूर्वी लग्नात मुलीचे नाव बदलण्याची पद्धत होती. जवानाने रजेवरून परतल्यावर युनिटमध्ये सांगितले ते सासरचे नाव. शाळेच्या दाखल्यावर राहिले माहेरचे. आणि आधार काढताना शिबिरातल्या मुलाने नावापुढे ‘बाई’ जोडले. जन्मतारखेचीही तीच गत. शाळेत १ जून, आधारवर १ जानेवारी, आणि सैन्याच्या नोंदीत लग्नाच्या वेळी अंदाजाने सांगितलेली तिसरीच तारीख. पती हयात असेपर्यंत या विसंगतीने काही बिघडत नाही. त्यांचे निधन झाले की दुसऱ्या महिन्यापासून पेन्शन थांबते, आणि त्या बाईला सिद्ध करावे लागते की ही तिन्ही नावे तिचीच आहेत.

मागील वर्षी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी किराणा दुकानाच्या कापडी पिशवीत सारे कागद घेऊन आमच्याकडे आल्या. पीपीओवर सासरचे नाव, आधारवर दुसरे, आणि पासबुकावर पतीसोबत असलेल्या खात्यातून त्यांचे नाव कधीच कमी झालेले. पतीच्या निधनाला पाच महिने झाले होते आणि त्यांच्या हातात एक रुपया आला नव्हता. प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, राजपत्रात नावबदल, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज आणि मग स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत दुरुस्ती, एवढे सारे व्हायला आणखी सात महिने गेले. हेच काम त्यांच्या पतीने हयातीत केले असते, तर एका अर्जात संपण्यासारखे होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की नोंदणीला जाण्यापूर्वी पत्नीचे नाव आणि जन्मतारीख सर्व कागदांवर अक्षरशः जुळते का हे पाहावे, आणि जुळत नसेल तर तिथूनच सुरुवात करावी.

दुरुस्तीचा अर्ज ज्या रेजिमेंटमधून वा कोअरमधून आपण निवृत्त झालो तिच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, गार्ड्‌सचे कामठीला आणि सिग्नल्सचे जबलपूरला आहे. नौदलातील खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्द येथील ब्युरो ऑफ सेलर्सकडे, तर वायुसैनिकांच्या दिल्लीला सुब्रतो पार्क येथे असतात. अर्जावर सैनिकी क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव आणि निवृत्तीची तारीख नसेल, तर तो अर्ज तिथे कोणाच्याही टेबलावर पोहोचत नाही.

३. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी

ज्या जिल्ह्यात आपले कायम वास्तव्य आहे त्याच जिल्ह्यात नोंदणी करायची असते. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाच्या ‘महासैनिक’ संकेतस्थळावर अर्ज भरून मूळ कागद कार्यालयात दाखवावे लागतात. सीमाभागातील मराठी बांधवांनी लक्षात ठेवावे की बेळगाव, निपाणीकडील रहिवाशांची नोंदणी कर्नाटकाच्या कार्यालयात होते आणि महाराष्ट्र शासनाच्या योजनांना महाराष्ट्रातील वास्तव्याची अट असते. गोव्यात हे काम राज्य सैनिक मंडळाकडे आहे. नोकरीमुळे पुण्यात स्थायिक झालेल्या पण गावी नोंदणी असलेल्या माणसाने दुसऱ्यांदा नवी नोंदणी करू नये. जुनी नोंद रीतसर बदली करून घ्यावी, अन्यथा दोन ठिकाणच्या नोंदींमुळे दोन्हीकडचे अर्ज अडकतात.

कार्यालयात कल्याण संघटक या पदावर बहुधा माजी सैनिकच असतात. त्यांना भेटावे. ते तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी येतात, त्यामुळे दर वेळी जिल्ह्याला जाण्याची गरज नसते. त्या वारांची माहिती संघटनेकडे किंवा तहसील कार्यालयात मिळते.

नोंदणीबरोबरच दोन गोष्टी त्याच दिवशी कराव्यात. नोकरीची इच्छा असेल तर सेवायोजनासाठी नाव वेगळे नोंदवावे. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आतच मोजले जाणारे) आहे, तर केंद्र सरकारात गट क मध्ये १० आणि जुन्या गट ड मध्ये २० टक्के आहे. सुरक्षा रक्षकाच्या कामासाठी पुण्यातील महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे, म्हणजे मेस्कोकडे, स्वतंत्र नाव द्यावे लागते. दुसरे, आपल्या मुलांची नावे व शिक्षण त्याच नोंदीत भरून घ्यावे. माझी चूक नेमकी इथे झाली होती.

आरोग्य योजना आणि कॅन्टीन कार्ड या कार्यालयातून मिळत नाहीत. माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, जिला सर्वजण ईसीएचएस म्हणतात, ती १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. तिचा अर्ज वेगळा आणि पॉलिक्लिनिक वेगळे. निवृत्तीच्या वेळीच हुद्द्यानुसार एकरकमी अंशदान कापले जाते. कार्ड मात्र आपल्याला मागून घ्यावे लागते. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना हे अंशदान भरावे लागत नाही. ही गोष्ट अजूनही अनेक वृद्धांना ठाऊक नसते आणि ते पैशाअभावी कार्डच काढत नाहीत.

४. संघटना काय करतात, हे समजून घ्यावे

संघटना तीन पातळ्यांवर आढळतात. देशपातळीवर इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग ही फील्ड मार्शल करिअप्पा यांच्या पुढाकाराने १९६४ साली उभी राहिली. निवृत्त वायुसैनिकांची एअर फोर्स असोसिएशन १९८० पासून आहे, नौदलाच्या बाजूने नेव्ही फाउंडेशन आहे, आणि युद्धविधवांसाठी वॉर विडोज असोसिएशन १९७२ साली, म्हणजे बांगलादेश युद्धानंतर लगेच, दिल्लीत स्थापन झाली. त्याशिवाय रेजिमेंटच्या आणि कोअरच्या मंडळींच्या संघटना असतात. आणि सर्वांत खाली, पण रोजच्या उपयोगाला सर्वांत जवळची, आपल्या तालुक्याची किंवा गावाची आजी-माजी सैनिक संघटना. साताऱ्यातील अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूरमधील सैनिक टाकळी यांसारख्या गावांत, जिथे घरटी सैनिक आहे, तिथे संघटनेची बैठक म्हणजे गावकीच असते.

मोठ्या संघटनांचे काम मागणी मांडण्याचे आहे. समान हुद्दा, समान सेवा, समान पेन्शन या मागणीसाठी माजी सैनिकांच्या संघटना अनेक वर्षे झटत होत्या. २०१५ च्या जूनमध्ये दिल्लीत जंतरमंतरवर धरणे सुरू झाले, त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला आदेश निघाला आणि तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. दर पाच वर्षांनी पेन्शनची फेररचना त्यातूनच आली. सर्व मागण्या मान्य झाल्या नाहीत, काही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथे मार्च २०२२ मध्ये शासनाची पद्धत कायम राहिली. तरीही खेड्यातल्या निवृत्त नाईकाच्या खात्यात जमा झालेली फरकाची रक्कम त्या धरण्याची होती, हे मी विसरू शकत नाही.

तालुक्याच्या संघटनेचे काम याहून साधे आहे आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे. दर नोव्हेंबरमध्ये आम्ही तीन दिवस हयातीच्या दाखल्याचे शिबिर घेतो. स्पर्श प्रणाली आल्यापासून पेन्शनची सारी कामे संगणकावर गेली. मुदतीत हयातीचा दाखला नोंदवला नाही तर पेन्शन थांबते, आणि ८० वर्षांच्या माणसाचे बोटाचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. तेव्हा कोणी तरी शेजारी बसून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा पर्याय निवडून द्यावा लागतो. एका वर्षी अंथरुणाला खिळलेल्या एका निवृत्त हवालदारांच्या घरी मोबाइल घेऊन गेलो. खोलीत उजेड कमी होता म्हणून त्यांच्या नातवाने खाट खिडकीजवळ ओढली, त्यांनी उशीखालची हिरवी बॅरे कॅप काढून डोक्यावर ठेवली, आणि यंत्र चेहरा ओळखेना तेव्हा ती पुन्हा काढायला लावताना आम्हा सर्वांनाच जड गेले.

या व्यतिरिक्त केंद्रीय सैनिक मंडळाच्या मदतीचे अर्ज भरून देणे हे आमचे बारमाही काम आहे. ज्यांना पेन्शन नाही अशा ६५ वर्षांवरील हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना निर्वाह अनुदान मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते महिन्याला ४,००० वरून ८,००० रुपये झाले आहे. दोन मुलांपर्यंतचे शिक्षण अनुदान महिन्याला प्रत्येकी १,००० वरून २,००० रुपये आणि मुलीच्या विवाहाचे अनुदान ५०,००० वरून एक लाख रुपये झाले. या अर्जांना जिल्हा कार्यालयाची शिफारस लागते, म्हणजे पुन्हा नोंदणी आलीच. ग्रामपंचायत हद्दीतील एका निवासी मालमत्तेच्या घरपट्टीतून सूट देणारी राज्याची योजना २०२० पासून आहे, पण ग्रामसेवकापुढे कार्यालयाचे प्रमाणपत्र ठेवल्याशिवाय ती आपोआप लागू होत नाही.

आणि ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन, म्हणजे सैनिकांच्या कल्याणासाठी निधी गोळा करण्याचा दिवस. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. त्या निधीतून आपल्याच विधवा भगिनींना मदत जाते, म्हणून शाळा-कार्यालयांतून निधी गोळा करताना संघटनेने कार्यालयाला हातभार लावावा.

५. संघटना पारखून घ्यावी

एका तालुक्यात दोन-तीन संघटना असणे आता नेहमीचे झाले आहे. वर्गणी देण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात आणि विचारताना संकोच करू नये.

संघटना संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली आहे का? नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असावा. धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट एकच्या, म्हणजे संस्थेच्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर सध्याच्या कार्यकारिणीचीच नावे आहेत का? निवडणूक झाल्यावर बदल अर्ज, ज्याला सर्वजण चेंज रिपोर्ट म्हणतात, दाखल करावा लागतो. पुष्कळ ठिकाणी तो वर्षानुवर्षे दाखल होत नाही आणि मग कागदावर मयत अध्यक्षच अध्यक्ष राहतात. अशा संघटनेचे बँक खाते एखाद्या दिवशी गोठते आणि सभासदांचा पैसा अडकतो. मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल सभेत वाचला होता का, हेही विचारावे.

‘आम्ही शासनमान्य’ असे सांगणाऱ्यांकडून मान्यतेचे पत्र मागून पाहावे. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. संरक्षण मंत्रालय ज्या संघटनांशी अधिकृत चर्चा करते त्या मोजक्या आहेत. मान्यता नसलेली संघटना वाईट असते असे मुळीच नाही, आमच्या तालुक्याची संघटनाही फक्त नोंदणीकृत आहे. पण नसलेली मान्यता सांगणारी संघटना टाळावी.

निवडणुकीच्या काळात एखाद्या पक्षाच्या व्यासपीठावर सभासदांना गणवेशात आणि पदकांसह बसवणारी संघटनाही टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सभासद म्हणून प्रत्येकाने मत द्यावे, प्रचारही करावा. पदके मात्र त्यासाठी मिळालेली नाहीत.

६. सभासदत्वाचा अर्ज

बहुतेक तालुका संघटनांचे सभासद तीन प्रकारचे असतात. तिन्ही दलांतील माजी सैनिक हे सर्वसाधारण किंवा आजीव सभासद होतात. वीरपत्नी, वीरमाता आणि माजी सैनिकांच्या विधवा यांना आमच्या घटनेप्रमाणे पूर्ण मताधिकार आहे. काही संघटना त्यांना केवळ ‘सहयोगी’ ठेवतात. तिथे घटनादुरुस्तीचा आग्रह जरूर धरावा, कारण संघटनेच्या कामाची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. तिसरा प्रकार हितचिंतकांचा, त्यांना मत नसते.

‘आजी-माजी’ या नावामुळे सेवेत असलेले जवान रजेवर आल्यावर सभासद होऊ इच्छितात. त्यांनी थांबावे. सेना अधिनियम १९५० च्या कलम २१ नुसार सेवेतील सैनिकाच्या संघटनेत सामील होण्याच्या हक्कावर निर्बंध आहेत. गावच्या कार्यक्रमाला येणे वेगळे आणि सभासद म्हणून सही करणे वेगळे. संघटनेच्या पत्रकावर छापलेल्या नावामुळे युनिटमध्ये खुलासा द्यावा लागलेला एक तरुण मला माहीत आहे.

अर्जासोबत माजी सैनिक ओळखपत्राची छायाप्रत, दोन छायाचित्रे आणि वर्गणी द्यावी लागते. आमच्याकडे आजीव वर्गणी ५०० रुपये आहे आणि विधवा भगिनींना ती माफ आहे. मूळ डिस्चार्ज बुक कोणत्याही संघटनेकडे ‘ठेवून’ जाऊ नये. दाखवावे, प्रत द्यावी आणि परत घ्यावे. छापील पावती घ्यावी.

७. फसवणुकीच्या वाटा

पेन्शन वाढवून देतो, अपंगत्वाची टक्केवारी वाढवून देतो, थकबाकी काढून देतो आणि आलेल्या रकमेतून हिस्सा घेतो, असे म्हणणारे लोक गावोगावी फिरतात. वरील कोणत्याही शासकीय अर्जाला दलाल लागत नाही. अपंगत्व पेन्शन किंवा कुटुंब निवृत्तिवेतन नाकारले गेले असेल, तर आधी खात्याकडे अपील आणि नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण हा मार्ग आहे. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. वकील करताना फी लेखी ठरवावी आणि नाकारणीचे पत्र मूळ स्वरूपात स्वतःकडेच ठेवावे.

‘स्पर्शमधून बोलतोय, हयातीचा दाखला संपला, आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो बंद करावा. स्पर्शचा कोणताही कर्मचारी ओटीपी विचारत नाही. आमच्या एका सभासदाचे निवृत्तीच्या पहिल्या वर्षातले बरेचसे पैसे अशा एका फोनवर गेले. तक्रार १९३० या क्रमांकावर ताबडतोब करायची असते, पहिल्या काही तासांतच रक्कम रोखता येण्याची शक्यता असते, आणि त्यांनी लाजेपोटी चार दिवस कोणाला सांगितले नाही.

माजी सैनिकांच्या नावाने गृहनिर्माण सोसायटी काढून भूखंडाची आगाऊ रक्कम मागणाऱ्यांबाबतही सावध राहावे. जागेचा सातबारा आणि सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, मग मागणारा आपल्याच युनिटचा असला तरीही.

८. पत्नीला सोबत न्यावे

हे शेवटी लिहिले असले तरी पहिल्या फेरीपासून करायचे काम आहे. कार्यालयात जाताना, ईसीएचएसच्या कार्डासाठी जाताना आणि संघटनेच्या वार्षिक सभेलाही पत्नीला सोबत घ्यावे. कल्याण संघटक कोण, संघटनेचा सचिव कोण, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता कोणता, हे तिला स्वतः ठाऊक असले पाहिजे. पेन्शनचे खाते संयुक्त असावे आणि स्पर्शमधील मोबाइल क्रमांक मुलाच्या नव्हे तर घरात राहणाऱ्या माणसाच्या नावाचा असावा.

आमच्या संघटनेने गेल्या दोन वर्षांपासून प्रत्येक सभासदाला एक पिवळी फाईल द्यायला सुरुवात केली आहे. वरच्या पानावर सैनिकी क्रमांक, हुद्दा, पीपीओ क्रमांक, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक आणि ‘माझ्यानंतर प्रथम यांना कळवावे’ असे लिहून तीन दूरध्वनी क्रमांक. आत वरच्या यादीतील कागदांच्या दोन-दोन प्रती. ही फाईल माळ्यावरच्या पेटीत न ठेवता देवघराखालच्या किंवा कपाटाच्या खालच्या फळीवर, जिथे पत्नीचा हात सहज पोहोचेल तिथे ठेवायची, असे आम्ही देतानाच सांगतो.